न दुखणारं दुखणं

मी एक चप्पल. उजव्या पायाची. चप्पल बोलायला लागली की माणसं आधी हसतात आणि मग जरा मागे सरकतात, कारण चपलेनं तोंड उघडलं म्हणजे ती कुणाच्या तरी गालावर बसणार असंच त्यांना वाटतं. घाबरू नका. मला कुणाला मारायचं नाही. मला एका पायाची गोष्ट सांगायची आहे. तो पाय माझ्याइतका जवळून कुणीच पाहिला नाही, ज्या बाईचा तो होता तिनंसुद्धा नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मोची बसतो. माझा जन्म त्याच्या मांडीवरचा. त्यानं कातड्यावर खुणा केल्या, रापीनं दोन तळ कापले, आरीनं भोकं पाडली आणि मेण लावलेला दोरा दातात धरून ओढला. डावी माझ्याआधी शिवून झाली, म्हणून ती आजही थोरलेपणाचा तोरा मिरवते. आम्ही दोघी एका दोरीवर टांगलेल्या असायचो. येणारं-जाणारं गिऱ्हाईक आम्हाला उलटंसुलटं करून बघायचं आणि हमखास विचारायचं, "टिकतील ना?" मोचीचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुम्ही टिका, चपला टिकतील!"

एक दिवस डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली. पाटी खाली न ठेवताच तिनं पाय पुढे केला आणि माझ्यात सरकवला. "पाटी तरी उतरव की," मोची म्हणाला. "उतरवली की चार अंडी तडकतात," ती म्हणाली, "तू तुझं काम कर." तिला सगळे अंडीवाली म्हणत. तिला नाव होतं की नाही कुणास ठाऊक, मी तरी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

सकाळी अंड्यांचा टेंपो फाट्यावर थांबायचा. ती पाटीत भुसा पसरून अंडी रचायची आणि वस्त्या-वस्त्यांवर हिंडायची. तिची चाल बघण्यासारखी होती. खड्डा असो की चढ, डोक्यावरचं एक अंडं हलायचं नाही. एखादं नासकं निघालं आणि गिऱ्हाईक बोललं तर ती वाद घालत नसे, मुकाट्यानं दुसरं द्यायची. घरी तर ती प्रत्येक अंडं पाण्यात टाकून बघायची. "वरून काय, सगळी गोरीगोमटीच असतात," ती सुनेला म्हणायची, "तरंगलं की समजायचं, आत बिघडलंय."

चपलेला पायाची भाषा कळते. पहिली वर्षं तो पाय माझ्याशी सारखा बोलायचा. खडा आत आला की बोटं आवळायची, ऊन तापलं की टाच उचलली जायची, ओल लागली की अंगठा शहारायचा. कधी मी चावले तर संध्याकाळी ती मला दोन शिव्या हासडायची आणि पट्ट्याला तेल चोळायची. बरं चाललं होतं आमचं.

मग हळूहळू पाय बोलेनासा झाला. खडा आत शिरला तरी बोटं आवळेनात. पावसाच्या डबक्यात पडला तरी अंगठा गप्प. आधी मला वाटलं, रागावला असेल. डावीला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्याशीही जरा कमीच बोलतो हल्ली."

तिला साखरेचं दुखणं होतं. ते आरोग्य केंद्रात कळलं होतं, ती एकदा पाटीसकट चक्कर येऊन पडली तेव्हा. केंद्रातल्या सिस्टरनं गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या की ती परत जायची. कधी मिळायच्या, कधी "आल्या नाहीत, पुढच्या वेळी या" असं ऐकून ती परतायची. शिल्लक असतील त्या ती पुरवून पुरवून खायची, डोकं गरगरलं तरच. आणि चहातली साखर तर तिनं केव्हाच बंद केली होती.

"मी साखर सोडली," ती सुनेला म्हणायची, "आता साखरेनं मला सोडायला काय हरकत आहे?"

"आई, ती तुमच्यासारखीच चिवट आहे," सून म्हणायची. "धरलं की सोडत नाही."

सून म्हणजे जिभेला हाड नसलेली, पण मनानं साफ. मुलगा दूर कुठं कामाला, वर्षातून एकदा दिसायचा. घरात या दोघीच. दिवसभर एकमेकींना टोमणे मारायच्या आणि रात्री एकाच ताटात जेवायच्या.

पाय मुके झाले आणि गंमत म्हणजे तिला त्याचा अभिमान वाटू लागला. उन्हाळ्यात नळावर बायका तापलेल्या फरशीवर नाचायच्या आणि ही आम्हाला कडेला काढून निवांत अनवाणी उभी राहायची. "तुमचे पाय नाजूक," ती म्हणायची, "माझे चालून चालून निबर झालेत. काटासुद्धा घाबरतो." बायका कौतुकानं बघायच्या. चिडलं की माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. इथं खरोखरची आग तळपायाला लागत होती आणि मस्तकाला तिचा पत्ताच नव्हता. ते कुणालाच विचित्र वाटलं नाही. मला वाटत होतं, पण मी पडले चप्पल. पायीची वहाण पायीच बरी, तिला कोण विचारतो?

आणि मग तो दिवस आला.

टेंपोतून लाकडी खोकी उतरताना एक पट्टी निखळली होती. पट्टीत चूक होती. मोची लोक आणि सुतार बारीक खिळ्याला चूक म्हणतात, तीच. टोक वर करून ती मातीत पडली होती. माझा तळ तोवर झिजून पानासारखा झाला होता. अंडीवालीनं पाटी डोक्यावर घेतली, पाऊल टाकलं आणि चूक माझ्यातून आरपार तिच्या तळपायात गेली.

मी वाट बघितली. आता किंचाळेल, आता पाटी पडेल, आता मला शिव्या देईल. पाय उचलला गेला आणि पुढे टाकला गेला. ती चालू लागली. डांबरी रस्ता लागला तेव्हा माझ्या खालून आवाज यायला लागला, टक, टक, टक. चुकेचं डोकं रस्त्यावर आपटत होतं.

"काय गं अंडीवाले, नाल ठोकून घेतलीस का?" पहिल्या वस्तीवर कुणीतरी विचारलं.

"हो, आता शर्यतीत पळणार आहे," ती म्हणाली आणि सगळे हसले.

दिवसभर ती टकटकत हिंडली. पोरं मागून तोंडानं टापांचा आवाज काढत होती, तीही मुद्दाम जोरात पाय आपटून दाखवत होती. प्रत्येक आपटण्याला चूक अजून आत जायची. माझ्या तळाशी ओल साचली होती. ती ओल पावसाची नाही हे मला ठाऊक होतं. मी किती ओरडले! पण चपलेचं ओरडणं म्हणजे करकर, आणि करकरणाऱ्या चपलेला लोक तेल लावतात, तिचं ऐकत नाहीत.

उतरत्या उन्हाला ती मोचीकडे आली. "बघ रे, काहीतरी वाजतंय हिच्यात." मोचीनं माझी टाच धरून ओढलं. मी सुटेना. पायाला शिवल्यासारखी झाले होते. त्यानं जोर लावला तेव्हा मी निघाले आणि त्याच्या मांडीवर रक्त सांडलं.

मोची पांढराफटक पडला. त्यानं पक्कडीनं चूक ओढून काढली आणि तिच्यासमोर धरली.

"काय आहे ते?" ती म्हणाली.

"चूक."

"कुणाची?"

"खोक्याची दिसते. अगं, तुला दुखलं नाही?"

"छे."

"खरंच नाही?"

"सांगते ना, मुंगी चावल्याइतकंही नाही."

मोचीनं सुटकेचा निःश्वास सोडला. "मग वाचलीस बाई. दुखलं नाही म्हणजे वरवरच गेली असणार." त्यानं तिच्या पायाला चिंधी बांधली आणि मला ठिगळ लावलं. ठिगळ मला चांगलं लागलं.

माणसांच्या भाषेतच एक खोट आहे, हे मी त्या दिवसानंतर ओळखलं. माणसं आजाराला दुखणं म्हणतात. मग जे दुखत नाही ते दुखणं कसं असेल? सगळं त्या एका शब्दावर तोललं जातं. गावात पिशवी घेऊन फिरणारा एक सुईवाला होता, कुठल्याही तक्रारीवर सुई टोचणारा. त्यानं जखमेवर पिवळी पूड टाकली, दंडात सुई टोचली आणि विचारलं, "ठणकतंय का?" ती म्हणाली नाही. "मग काळजी नको," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. शेजारीण आली, तिनंही तेच विचारलं. मुलाचा फोन आला, त्यानंही तेच विचारलं. प्रत्येकाला ती खरं ते सांगत होती आणि प्रत्येक जण खूश होऊन जात होता.

पाय मात्र सुजत चालला. तो माझ्यात मावेना. तिनं माझा पट्टा कापला, तरी मावेना. मग ती फडकं गुंडाळून हिंडू लागली आणि मी दाराशी पडून राहिले. शेवटी वास यायला लागला. पहिल्यांदा सुनेला आला.

"आई, अंडं नासलंय का कुठं?"

दोघींनी सगळी अंडी पाण्यात टाकून बघितली. सगळी बुडाली. मग सुनेनं वाकून फडकं सोडलं आणि तोंडावर पदर धरून मागे सरकली.

"केंद्रात जायचं," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या."

"डॉक्टर बाजाराच्या दिवशीच येतो."

"मग सिस्टर तरी असेल."

सिस्टर नव्हती. ती वाड्यांवर लहान मुलांना लस द्यायला गेली होती. दाराला कुलूप होतं. दोघी पायरीवर बसून परत आल्या, एक लंगडत आणि एक तिला धरून.

आमच्या केंद्रात रांगेची एक पद्धत आहे. डॉक्टर यायच्या दिवशी लोक उजाडायच्या आत येतात. आजारी माणूस उन्हात उभा कसा राहणार? म्हणून तो आपली चप्पल रांगेत ठेवतो आणि भिंतीच्या सावलीला जाऊन पडतो. चपला पुढे सरकतात, माणसं मागून येतात. कुणी कुणाची चप्पल मागे ढकलत नाही. म्हणतात ना, जोडे झिजवल्याशिवाय काम होत नाही. इथं जोडेच रांगेत उभे राहतात. माझ्यात पाय मावत नव्हता, तरी बाजाराच्या दिवशी सुनेनं मला पिशवीतून नेलं आणि रांगेत ठेवलं. डावी अंडीवालीच्या पायात होती.

त्या दिवशी डॉक्टर आलाच नाही. त्याला दुसरीकडे बोलावलं होतं म्हणे. दुपारपर्यंत आम्ही चपला तापत बसलो. मग एकेक माणूस येऊन आपापली चप्पल घालून गेला. मला घालता येत नव्हतं, मी पिशवीतून परत आले. सिस्टरनं मात्र फडकं सोडलं, जखम धुतली, नवी पट्टी बांधली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावशी, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पुढच्या बाजारी नक्की या. किंवा मोठ्या दवाखान्यात जा." मोठा दवाखाना म्हणजे दोन गाड्या बदलून दिवसभराचा रस्ता. "पुढच्या बाजारी येते की," अंडीवाली म्हणाली. "दुखत तर नाहीये."

पुढच्या बाजारी डॉक्टर आला, पण फार उशिरा. तोवर रांग फाटकाबाहेर गेली होती. मी पुढच्या बाजूला होते. सून अंधारातच येऊन मला ठेवून गेली होती. डोकं वर काढून दार दिसेल इतकी मी जवळ आले होते. माझ्या आयुष्यात मला कुठं पोचायची एवढी घाई कधीच झाली नव्हती.

एवढ्यात सिस्टर दारात आली. घामानं भिजलेली, आवाज बसलेला. "ऐका सगळे. डॉक्टरांना पुढच्या केंद्रावर जायचंय. सगळ्यांना बघणं व्हायचं नाही. ज्याला जास्त दुखतंय त्यानं हात वर करा, त्याला मी आधी घेते."

तिचा हेतू वाईट नव्हता. तिला जे सुचलं तेच कुठल्याही दयाळू माणसाला सुचलं असतं. भराभर हात वर झाले. एकाचं पोट धरलं होतं, एकीची दाढ, एकाचा खांदा निखळला होता. सिस्टरनं अंडीवालीकडे बघितलं.

"मावशी, तुम्हाला? पाय दुखतोय ना?"

"आई, हो म्हणा," सून कानात म्हणाली. "नुसतं हो म्हणा."

अंडीवालीनं मान वळवली. शेजारी पोटाचा माणूस जमिनीवर कळवळत होता. आयुष्यभर नासकं अंडं वाद न घालता बदलून देणारी बाई ती. तिच्या तोंडून खोटं निघेना.

"नाही सिस्टर," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला नाही दुखत. याला घ्या आधी, बिचारा तळमळतोय."

आणि तिनं वाकून स्वतःच्या हातानं मला रांगेतून उचललं.

माझ्या कापलेल्या पट्ट्याला धरलेली ती बोटं तापानं भाजत होती. मी तिला सांगत होते, ठेव मला, ठेव मला खाली. रांगेतली मागची चप्पल पुढे सरकली आणि माझी जागा बुजली. थोड्या वेळानं डॉक्टरची गाडी धूळ उडवत गेली. सून रागानं रडत होती. "आई, तुम्ही अंडं पाण्यात टाकून बघता," ती म्हणाली, "स्वतःचा पाय तेवढा वरून बघितलात."

दोनच दिवसांत अंगठा काळा पडला. ती तापात बडबडायला लागली, अंड्यांचे हिशेब सांगायला लागली. सुनेनं फाट्यावर जाऊन टेंपोवाल्याचे पाय धरले. त्यानं खोकी बाजूला रचून जागा केली आणि तिला आडवं घातलं. मला सुनेनं पिशवीत घेतलं होतं, तिथंही रांग असेल म्हणून. रस्ताभर अंडीवाली ग्लानीत एकच म्हणत होती, "हळू चालव रे, माल फुटेल."

मोठ्या दवाखान्यात चपलांची रांग नव्हती. तिथं खिडक्या होत्या. मी खाटेखाली पडून होते आणि मला माणसांचे फक्त पाय दिसत होते. एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिनं पट्टी सोडली.

"इतके दिवस काय करत होतात?" तिनं विचारलं.

"रांगेत होतो," सून म्हणाली.

"दुखत नव्हतं हो," अंडीवाली खालच्या आवाजात म्हणाली, जणू काही चोरी पकडली गेली.

"म्हणूनच तर." डॉक्टरीणबाई खाटेवर टेकली. "आजी, साखर वाढून राहिली की पायाची जाणीव मरते. जाणीव आधी जाते आणि पाय मग. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार होतं? एका मला माहीत होतं.

पाय घोट्याच्या वर कापला. त्या दिवशी सून खाटेखाली वाकली, मला बघितलं, हातात घेतलं आणि छातीशी धरून फरशीवर बसून राहिली. तिला मला टाकायचं होतं की ठेवायचं होतं, तिचं तिलाच कळत नव्हतं. ती हुंदके देत होती आणि माझ्या ठिगळावरून अंगठा फिरवत होती.

आता अंडीवाली घरीच असते. पाटी सुनेच्या डोक्यावर गेली आहे. पहिल्या आठवड्यात तिनं निम्मी अंडी फोडली, आता जरा जमतंय. म्हातारी उंबऱ्यात बसून अंडी पाण्यात टाकते आणि बुडतात का बघते. आणि एक विचित्र गोष्ट झाली आहे. जो पाय असताना कधी दुखला नाही तो आता नसताना दुखतो. "अगं, अंगठा ठणकतोय," ती दाताखाली ओठ धरून म्हणते. "खिळा घातल्यासारखा." सून सुरुवातीला घाबरायची. आता ती शेजारी बसते आणि जिथं पाय असायला हवा तिथल्या चादरीवरून हात फिरवते. म्हातारी म्हणते, "तेव्हा एवढं दुखलं असतं, तर मीच धावत गेले असते गं."

गोळ्यांसाठी अजून केंद्रात जावं लागतं. डावी तिच्या पायात असते. मी रिकामी, म्हणून रांगेत माझीच नेमणूक. पाय नसलेली चप्पल मी, पण जागा मात्र धरते.

पण हल्ली मला झोप नाही. परवा अंगणातल्या चुलीतला निखारा घरंगळत येऊन डावीच्या कडेला लागला. कातडं जळलं, धूर निघाला, वास सुटला, तरी पाय हलला नाही. सुनेनं ओरडून पाय ओढला तेव्हा म्हातारी म्हणाली, "काय झालं?" रात्री दाराशी आम्ही दोघी शेजारी पडलो होतो. कधी नव्हे ती थोरली रडत होती. "तो आता माझ्याशी अजिबात बोलत नाही," ती म्हणाली.

आज पुन्हा बाजार. आज पुन्हा डॉक्टर उशिरा आला आणि सिस्टर दारात येऊन विचारती झाली, "कुणाला जास्त दुखतंय?" सगळ्यांच्या आधी अंडीवालीचा हात वर गेला.

"मला! मला दुखतंय सिस्टर. फार दुखतंय. मला घ्या आधी."

"काय दुखतंय मावशी?"

"पाय."

"कुठला?"

तिनं कुबडी उचलली आणि रांगेत ठेवलेल्या माझ्याकडे रोखली. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. सगळे माझ्याकडेच बघत होते.

अहो, माझ्याकडे काय बघता? माझ्यात आता कुणी नाही. सिस्टर, तुमच्या पाया पडते, ती डावी काढा. तिच्यातला तळपाय उलटा करून बघा. तो दुखत नाहीये.